बॅटरीवरची पेटी

इंदूबाईने डोक्यावरचे लांबट गाठोडे पोपटच्या टेबलावर अलगद उतरवले, गोधडीच्या गाठी सोडल्या आणि म्हणाली, "भाऊ, ही पेटी बिजलीवर वाजते. आमच्या गावात बिजली नाय. बॅटरीवर वाजंल आसं काय करता येतंय का बघा."

खालापूरच्या रस्त्याला लागून पोपटचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ट्रान्झिस्टर, लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर आणि गेल्या वर्षापासून एखाददुसरा टीव्ही, असले काम त्याच्याकडे येई. अशी पेटी मात्र त्याने लग्नातल्या ऑर्केस्ट्रात लांबूनच पाहिली होती. हार्मोनियमसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण भाता नाही. वर चार बटणे आणि मागून निघालेली, भिंतीतल्या प्लगात खुपसायची वायर.

"कुठनं आनलीत?"

"माझा भाव पदू बोटीवर कामाला हाय. त्यानं आनली, ह्यांच्यासाठी. टेंभीवाडीचे आबाजी. साजगावच्या कंपनीत हात गेला न्हवं का, ते. तुमी ऐकलं आसंल."

पोपटने मान हलवली. त्याने ते कोणाकडून ऐकले नव्हते. तो तिथेच होता.

सात वर्षांपूर्वी पोपट त्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होता आणि आबाजी रोलरच्या मशीनवर. त्या दिवशी रोलर साफ करायचा म्हणून आबाजीने मशीन बंद करून घेतले, मेन स्विचला 'चालू करू नका' अशी लाल पाटी अडकवली आणि हात आत घातला. थोड्या वेळाने सुपरवायझर धावत आला. माल अडलाय, लाइन चालू कर, म्हणाला. पोपटने लाल पाटी पाहिली. काम झाले असेल, पाटी काढायची राहिली असेल, असे त्याला वाटले. मशीन पंचवीस पावलांवर होते. तो बघायला गेला नाही. पाटी काढून त्याने खुंटीला लावली आणि हँडल वर ढकलले.

पुढे चौकशी झाली. साहेबाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कामगाराने पाटी लावली नव्हती व कोणाला सांगितलेही नव्हते, असे त्यात होते. पोपटची बायको सोनाबाई तेव्हा आठव्या महिन्यात होती. त्याने सही केली. वर्षभराने त्याने ती नोकरी सोडली खरी, पण त्या कागदाखालची सही सुटली नाही.

इंदूबाईने त्याला कधी पाहिलेले नव्हते. ती बाकावर टेकली आणि पदराने मान पुसत सांगू लागली.

"आमचे हे पेटी वाजवायचे. आजूबाजूच्या गावांत भजन आसलं की पयलं बोलावनं ह्यांनाच. आता उजवा हात हाय, पन डावा नाय. भाता कोन मारनार? मी बसले एकदा भाता मारायला. दोन दिस झालं, मग म्हनाले, नको. हवा तुझी नि सूर माझा, जमत नाय म्हनाले."

"मग आता?"

"आता काय. वट्यावर बसून आसतात. जेव म्हनलं तर जेवतात, नायतर नाय." ती गोधडीचा सुटलेला धागा ओढत राहिली. "दोनदा डोहावरनं घरी आनलंय त्यांना. दुसऱ्या येळेला पानी छातीपतूर व्हतं. ह्या पेटीला भाता नाय, एका हातानं वाजते. पदूनं खोपोलीत लावून दाखवली तवा एवढ्या वर्सात पयल्यांदा हासले. म्हनून आले."

पोपटने टेबलाखालून स्क्रू ड्रायव्हर काढला. "ठेवून जा, वैनी. आठ दिवसांनी या."

त्याने पेटी उघडली. आतले काम देखणे होते. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरमधून कमी होऊन आत नऊ व्होल्ट जात होते. बाकी सगळा खेळ त्या नऊ व्होल्टांवर. टॉर्चच्या सेलवर भागले नसते, एका बैठकीत ते संपले असते. पुन्हा पुन्हा चार्ज करता येईल अशी मोटारीची बॅटरीच हवी होती आणि तिच्या बारा व्होल्टांचे नऊ करणारा जोड. कुंभिवलीला हायवेवर चांगोचे बॅटरी चार्जिंगचे दुकान होते. टेंपोतून काढलेली एक जुनी बॅटरी त्याने पोपटला दिली. "पानी घालत जा, अजून वरीसभर मरनार नाय," म्हणाला.

ते आठ दिवस पोपटने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. गिऱ्हाइके येऊन परत जात होती. जोड त्याने तीनदा बांधला आणि तीनदा सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादे काम त्याला देवाच्या कामासारखे वाटत होते. हे झाले की आपण निदान श्वास तरी पुरता घेऊ, असे त्याच्या मनाने घेतले होते.

आठव्या दिवशी इंदूबाई आली, तेव्हा फक्त बॅटरीच्या दोन वायरी जोडायच्या राहिल्या होत्या. ती समोर बसली. पोपट बॅटरीपाशी वाकला.

"उद्या एकादस हाय," ती म्हणाली. "देवळात बसून वाजवतो म्हनालेत. भाऊ, ते एकच बोलत आसतात बघा. मी पाटी लावली व्हती, म्हनतात. झोपेतबी तेच. कंपनीतल्या कुनीतरी लिवून दिलं, पाटी नव्हती म्हनून. हात गेल्याचं त्यांना येवढं नाय. मला खोटा पाडला, म्हनतात. कोन आसंल तो? त्याला पोरंबाळं आसतील ना?"

पोपटने वायरी हातात घेतल्या. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा क्षार चढून अधिक-उण्याच्या खुणा बुजल्या होत्या. मीटर लावून बघायचे असते, हे त्याला माहीत होते. मीटर हाताशी होता. पण त्या क्षणी त्याला फक्त मान खाली घालून काहीतरी करत राहायचे होते. त्याने वायर टेकवली.

बारीक चट्ट आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्याने वायर झटकन काढली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

"झालं?" इंदूबाईने विचारले.

"नाय," पोपट म्हणाला. "एक भाग कमी पडतोय. मुंबईहून आणावा लागंल. चार दिवस."

रिकामी गोधडी घडी करून तिने काखेत धरली आणि ती रस्त्याला लागली. एकादशी तशीच जाणार होती. ती वळणाआड जाईपर्यंत पोपट दारात उभा राहिला आणि मग आत येऊन जमिनीवर बसला. समोर पेटी उघडी पडली होती. उलट्या जोडणीपासून वाचवायला एक डायोड बसवायचा असतो, एवढीशी वस्तू, शिकाऊ पोरालाही ठाऊक असलेली. त्याच्या डब्यात मूठभर पडले होते.

तो मुंबईला गेला. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात दुकानामागून दुकान पालथे घातले. आवाजाच्या भागातले जळलेले दोन ट्रान्झिस्टर मिळाले. पेटीत बारा सुरांच्या बारा चिप होत्या, त्यांतली एक फुटली होती. ती कुठे मिळेना. एका म्हाताऱ्या दुकानदाराने भिंगातून तिच्यावरचा नंबर वाचला आणि परत दिली. "ही बाहेरच्या देशात बनते. आली तर सहा महिन्यांनी, नाहीतर नाही."

घरी येऊन त्याने ट्रान्झिस्टर बदलले, डायोड बसवला, मीटर लावून दोनदा तपासले आणि बॅटरी जोडली. पेटी बोलली. सगळ्या पट्ट्या बोलल्या, फक्त तिसरी काळी, काळी तीन, नाही. खालच्या, मधल्या, वरच्या, तिन्ही सप्तकांत ती जागा मुकी होती. तो त्या एका पट्टीवर बोट दाबून बसला. दाबले की फक्त लाकडावर पडल्यासारखा ठक्क आवाज येई.

सोनाबाई दारात येऊन उभी राहिली. "सांगून टाका. एक पट्टी जळली म्हनून सांगा."

"आन बाकीचं?"

ती आत येऊन त्याच्याजवळ बसली. मग म्हणाली, "पेटीचं सांगा. दुसरं सांगू नका. आता सांगून त्याचा हात येनार हाय का?"

चौथ्या दिवशी पोपटने इंदूबाईची वाट पाहिली नाही. बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधली, पेटी पाठीला लावली आणि टेंभीवाडीला निघाला. डोंगराच्या पायथ्याशी सायकल सोडून तो चालू लागला. डोक्यावरून मोठ्या खांबांच्या तारा मुंबईकडे गेल्या होत्या आणि खाली वाडीत एक दिवा नव्हता. बॅटरीने खांदा सोलून निघाला, ॲसिडने शर्टाला भोके पाडली. उतरून परत जावे, असे त्याला वाटेत दोनदा वाटले.

आबाजी ओट्यावर बसला होता. सदऱ्याच्या डाव्या बाहीला कोपराच्या वर गाठ मारलेली होती. त्याने पोपटकडे पाहिले, बॅटरीकडे पाहिले आणि थोडा सरकून जागा केली. इंदूबाई पाणी आणायला आत गेली.

पोपटने वायरी जोडल्या आणि पेटी आबाजीपुढे सरकवली. आबाजीने काळी एकचा सा धरला. त्याची नेहमीची पट्टी तीच होती. बोटे सात वर्षांची ताठरलेली, चाचपडत चढू लागली. सा, रे, ग, आणि मग ठक्क. त्याने पुन्हा दाबले. पुन्हा ठक्क.

"मध्यम नाय," तो म्हणाला.

"जळला. माझ्या हातनं. वायर उलटी लागली. लई शोधला, मिळत नाय."

आबाजीने त्या पट्टीवरून बोट उचलले नाही. पोपटला वाटले, आता बोललो नाही तर इथून उठून जाईन आणि मग कुठेच पोचणार नाही.

"आबाजीभाऊ, तुमी पाटी लावली व्हती. मी बघितली व्हती. मीच ती काढली. त्या कागदावरची सही माझी हाय."

आतून इंदूबाईच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

"म्हाईत हाय," आबाजी म्हणाला. "सायबानं कागुद वाचून दाखवला व्हता. खाली नाव तुझंच व्हतं."

"मग माझ्याकडंच कशी पाठवली पेटी?"

"इथं ईजेचं काम करनारा दुसरा कोन हाय?" आबाजीने पेटीवरून हात काढून मांडीवर ठेवला. "हिला मी काय बोललो नाय. बोललो आसतो तर ती तुझ्याकडं आली नसती, आन पेटी तशीच पडून राह्यली आसती."

"मी लिवून देतो. खरं काय ते लिवतो, सही करतो, जाऊन देतो."

"कुनाला? तो सायेब गेला, सुपरवायझर मेला." तो अंगणाकडे बघत राहिला. "पाटी व्हती हे वाडीतल्या मानसांपुढं बोल. देवळात. म्हंजे झालं."

इंदूबाई दारात आली होती. तिने पोपटकडे बघितले नाही. पाण्याचा तांब्या मात्र त्याच्यापुढे आणून ठेवला, आणि ठेवताना त्यातले पाणी ओट्यावर सांडले.

आबाजीने पुन्हा पेटीवर हात ठेवला. या खेपेला त्याने पांढरी एकचा सा धरला, नेहमीच्यापेक्षा अर्धा सूर खाली. तिथून चढताना मुकी पट्टी फक्त तीव्र मध्यमाला लागत होती आणि साध्या भजनात त्याची गरज पडत नव्हती. त्याने एक आलाप घेतला. आवाज खरखरीत आणि दमलेला होता. "आवाजबी खालीच आलाय आता," एवढेच तो म्हणाला आणि वाजवत राहिला.

पोपट देवळात बोलला. सातआठ बाप्ये, काही बाया. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी 'जाऊ दे' असेही म्हणाले नाही. धाऊ नावाचा एक म्हातारा उठून बाहेर निघून गेला. बाकीचे खाली बघत बसले. पोपटला हलके वाटेल असे वाटले होते. तसे काही वाटले नाही.

बॅटरी आठ-दहा दिवस चाले. मग ती कुंभिवलीला चांगोकडे न्यावी लागे. ते काम पोपटने आपणहून घेतले. तिच्यासाठी त्याने लाकडी खोके केले, दोन बाजूंना दोरीचे कान लावून. दोन खेपा त्याने ते एकट्याने खांद्यावर वाहिले. तिसऱ्या खेपेला तो खोके उचलायला वाकला, तेव्हा आबाजी ओट्यावरून उतरला आणि एक कान त्याने उजव्या हाताने धरला.

"चल," तो म्हणाला.

शेताच्या बांधावरून ते दोघे खाली उतरू लागले, आबाजी डावीकडून, पोपट उजवीकडून, मध्ये खोके. हात बदलायची सोय नव्हती. हात भरून आला की पोपट थांबे, खोके जमिनीवर टेके, आबाजी आपली बोटे दोन-तीनदा मिटून उघडे. मग दोघे पुन्हा वाकत आणि त्याच हातांनी उचलून चालू लागत.