मी पाहिलेलं सायखेड्याचं काळीज

मित्रांनो, मी नाशिकच्या एका दवाखान्यातलं सोनोग्राफीचं जुनं यंत्र बोलतोय. आता कोपऱ्यात उभा आहे. अंगावर चादर, बटणांवर लाखेचं सील. नवं यंत्र आलं, तेव्हा गर्भलिंग तपासायला कुणी माझा गैरवापर करू नये म्हणून मला असं बांधून ठेवलं. ते योग्यच झालं. पण दिवस सरता सरत नाही.

मी दूरच्या कारखान्यात जन्मलो. इथे आलो तेव्हा डॉक्टर सविताताईंनी नारळ फोडला, माझ्या कपाळी कुंकू लावलं. मी आवाजाने बघतो. कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि आतून जे परत येईल त्याचं चित्र मांडायचं. कीर्तनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलून परत द्यावी, तसंच ते.

किती बाळं मी त्यांच्या आयांच्याही आधी पाहिली! पाचव्या महिन्यात त्यांचं डोकं, कणा, हृदय, हातपाय सगळं निरखून तपासायचं. कधी काही दोष दिसायचा. काहींवर इलाज असतो, काहींवर नसतो. मग त्या बाईची मूठ खाटेच्या कडेवर आवळायची. मला हात नाहीत, मी नुसता बघायचो. पुढे बाळ झालं की लोक त्याला देवळात नेतात. मशीनला दाखवायला कोण आणतो?

सायखेड्याची ज्योत्स्ना मात्र मनातून जात नाही. सोबत सासू बयाबाई, गळ्यात तुळशीची माळ, गावातलं एक कीर्तन न चुकवणारी. माझ्या पडद्यावर बाळाचं हृदय आलं आणि सविताताईंनी ते पुन्हा पुन्हा तपासलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. पोटात होतं तोवर बाळ सुखात होतं. पण जन्मताना हृदयाचे डॉक्टर जवळ नसतील, तर ते जगणं कठीण.

बाहेर गर्दी होती. सविताताई एवढंच म्हणाल्या, "बाळात जरा दोष वाटतोय. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते. लवकर जा."

बयाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "चल गं," म्हणून त्या सुनेला घेऊन गेल्या, त्या गेल्याच. मोठ्या दवाखान्यात त्या पोचल्याच नाहीत. सविताताईंनी ज्योत्स्नाच्या घरी फोन लावले, तर कोणी उचलेना. माझ्यापुढे रोज नवी बाळं येत होती आणि मला तेच एक हृदय आठवत होतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं.

आठवा महिना लागता लागता बयाबाई स्वतःच आल्या. ज्योत्स्ना मागे उभी होती.

"बाई, चार शब्द ऐकवायला आले तुम्हाला. काल सप्त्यात महाराज म्हणले, लेकीला पोटात मारतो त्याच्या दारात देव उभा राहत नाय. पोरगी हाय म्हणून दोष म्हणलात ना? अन् मोठ्या दवाखान्यात पाडायलाच धाडत व्हता ना?"

"आजी, मुलगी आहे असं कोण म्हणालं?"

"तोंडानं कोण म्हणतंय? आमच्या टायमाला खुणंनंच सांगायचे. पोरगा असला तर पेढा म्हणायचे, पोरगी असली तर जिलेबी."

"म्हणून फोन घेत नव्हता?"

"घेतला असता तर गोड बोलून नेली असती माझ्या सुनंला."

"मला तर कोणी काही विचारलंच नाही," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

सविताताई खाली मान घालून म्हणाल्या, "खरंय. कुठला दोष, ते मी तुला नीट सांगायला हवं होतं." त्यांनी तिला पुन्हा खाटेवर घेतलं आणि माझा पडदा दोघींकडे वळवला. "हे काळीज. या दोन नळ्यांची जागा बदललीय. ऑपरेशनने नीट होऊ शकतं. पण बाळंतपण त्याच दवाखान्यात व्हायला हवं."

बयाबाई ते धडधडतं काळीज बघत राहिल्या. मग माळ मुठीत धरून म्हणाल्या, "म्हंजी वाचवायच्या नादात मीच वाट अडवून बसले व्हते." आणि लगेच पदर खोचून म्हणाल्या, "कुठं जायचं ते सांगा. गाडी खाली उभीच हाय."

त्यानंतर नवं यंत्र आलं आणि मला सील लागलं. पुढे काय झालं, कुणी मला सांगितलं नाही.

मग एका दुपारी खोलीतल्या कापडी पडद्यापलीकडून बाळाचं रडणं आलं. खणखणीत, छातीतून निघालेलं. पाठोपाठ बयाबाई म्हणाल्या, "रडू द्या हो डॉक्टरबाई. टाके भरलेत त्याचे. एवढं मोठ्यानं रडायला काळीज धड लागतं."

बाळ माझ्यापासून चार हातांवर होतं. चादरीखालून मला ते दिसलं नाही. थोड्या वेळाने सगळे गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला बाळ होणार असेल, तर पाचव्या महिन्याची तपासणी चुकवू देऊ नका. डॉक्टर दोष म्हणाले तर पाठ फिरवून निघू नका. कुठला दोष, त्यावर इलाज काय, ते विचारा. आणि बातमी कशीही असो, त्या आईला एकटी सोडू नका. एकटेपण काय असतं, ते मला माहीत आहे.

सायखेड्याचं ते बाळ मुलगा की मुलगी, म्हणता? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तेव्हा कुणाला सांगितलं नाही; तुम्हालाही सांगणार नाही.