पट्टी माझ्याच हातात होती

सहा वर्षं मी त्या माणसाला पाण्यात पाहिलं. खोटं कशाला बोलू? त्याआधी मी त्याच्या प्रयोगशाळेत होते, तिथे सगळे त्याला सर म्हणायचे. शेवटी शेवटी मी मनात दीडशहाणा म्हणायला लागले.

त्याच्या द्रावणात भिजवलेलं बी जास्त उंच वाढतं, या एका शोधावर त्याचं नाव झालं. रोपं मोजायला मी. एकदा भर बैठकीत मी म्हटलं, "सर, भिजवलेल्या बियांचे ट्रे नेहमी गरम पाण्याच्या पाइपाजवळच असतात. ऊब मिळाली तर कुठलंही रोप वाढेल की!" झालं, मिरच्या झोंबल्या. ही बाई आकडे वाकवते, असा ठपका ठेवून त्याने मला आठवड्याभरात घालवलं.

पुढे जिथे जाईन तिथे माझ्याआधी तो ठपका पोचायचा. अखेर एका लहानशा बियाणे तपासणी केंद्रात काम मिळालं. तिथे मी ठरवलं, याचं नाक याच्याच प्रयोगाने कापायचं.

चाळीस ट्रे, एकच खोली, पाइप नाही. कुठला ट्रे कुठे ठेवायचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. बी भिजवलं माझ्या नणंदेनं, ती गणित शिकवते. निम्मं द्रावणात, निम्मं साध्या पाण्यात. ट्रेवर नुसते नंबर आणि यादी बंद लिफाफ्यात, म्हणजे मोजताना मला काही कळायला नको.

चौदाव्या दिवशी मी रोपं मोजली आणि लिफाफा फोडला. दीडशहाण्याची रोपं उंच! पाइप नसतानाही! मी टेबलावर अशी मूठ आपटली की पट्टी खाली पडली.

नणंदेनं ती उचलली आणि सहा नंबरचा ट्रे स्वतः मोजला. "वहिनी, ही वाकलेली रोपं तू तशीच मोजलीस. शेजारची मात्र सरळ करून."

मी ट्रे पुन्हा निरखून पाहिले. काही ट्रेमधली पानं जास्त गडद होती. हीच त्या मेल्याची, असं मी मनात धरलं आणि हात आपोआप कंजूष झाला. ती निघाली साध्या पाण्याची. ज्याला पाडायला गेले, त्यालाच मी उंच केलं होतं.

नवे चाळीस ट्रे लावले. मोजायला नणंद, लिफाफा नवऱ्याकडे. मी पट्टीला हातही लावला नाही. यावेळी फरक काहीच नव्हता.

मी दोन्ही फेऱ्या लिहून काढल्या. नवरा म्हणाला, "पहिली कशाला लिहितेस? त्याने ठेवलेला ठपका तू स्वतःच खरा करतेयस."

"लपवली तर आम्ही दोघं एकाच माळेचे मणी," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण ही नोकरीही जाणार, असंच वाटत होतं.

छापायला देण्याआधी एक प्रत मुद्दाम त्याला पाठवली. दुसऱ्याच दिवशी फोन.

"बाई, कशाला स्वतःची बदनामी करून घेता? सगळंच मागे घ्या. इकडे परत या, मी शब्द टाकतो."

सहा वर्षं याच बोलण्याची वाट पाहिली होती मी. आता तोंडात गूळ असल्यासारखं वाटत होतं.

"शेवटचं पान वाचलंत, सर?"

"नाही. का?"

"तुमच्या शोधातली सगळी रोपं मीच मोजली होती. कुठला ट्रे कुठला, हे मला ठाऊक असायचं. आणि तेव्हा तुम्ही मला देवासारखे वाटायचात. तुमची रोपं मी किती सरळ करून मोजली असतील, ते लिहिलंय तिथे."

मी फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकत बसले, अगदी मन भरेपर्यंत.