अस्सलबरहुकूम

दोन जावा एका स्वयंपाकघरात नांदल्या तरी शेजारीपाजारी कान टवकारून बसतात; या दोघींनी तर एकत्र धंदा मांडला होता. जुन्या चित्रांच्या हुबेहूब प्रती छापून द्यायच्या, असा तो धंदा. थोरली रंग बघायची, धाकटी सफाई. सफाई म्हणजे केरवारा नव्हे. चित्राचा फोटो पडद्यावर मोठा केला की त्यावर धुळीचे कण, ब्रशाचे केस, ओरखडे असं काय काय उगवतं, ते एकेक टिपून काढायचं. धाकटीच्या नजरेतून काही सुटत नसे. घरीही नसे. पाहुण्याच्या खांद्यावरचा कोंडा झटकल्याशिवाय तिच्याने चहाचा कप पुढे करवत नसे.

शेवटचा शब्द मात्र थोरलीचा. कॅनव्हास चौकटीवर ताणला की त्याची खालची कड मागे दुमडली जाते. त्या कडेवर थोरली ‘अस्सलबरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणे तंतोतंत, असं लिहायची आणि खाली सही ठोकायची. हा शब्द दोघींच्या सासऱ्यांकडून आलेला. त्यांचा जन्म कचेरीत कागदांच्या नकला करण्यात गेला होता, आणि नक्कल मुळाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी हा शब्द कधी लिहिला नव्हता.

आता ती कड असते भिंतीकडे तोंड करून. कोण वाचायला जातंय? पण धाकटीचा सारा जीव त्या कडेत अडकला होता. डोळे फोडून सफाई हिने करायची आणि सही थोरलीची. तिने बोलून कधी दाखवलं नाही, पण घरात भांडी जरा जोरात घासली जायची.

अशात एक दिवस टेकडीवरच्या चर्चचे फादर आले. अर्धं वाक्य तोंडाने आणि उरलेलं हातांनी बोलणारा माणूस. चर्चमध्ये वेदीमागे एक मोठं जुनं चित्र होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. रात्रीचा गोठा, आई, बाळ आणि भोवती थक्क होऊन उभे राहिलेले मेंढपाळ. उजेड काय तो बाळाच्या अंगातून येणारा. बाकी सगळा काळोख, आणि काळोखात आणखी काळोख. चित्राला भेगा पडल्या होत्या. ते दुरुस्तीला जायचं होतं, आणि तोवर भिंत ओकीबोकी नको म्हणून त्याची तेवढीच मोठी प्रत हवी होती.

थोरलीने विचार केला आणि म्हणाली, “यात रंग थोडे आणि सफाईच जास्त. हे काम तुझं. सही पण तुझीच. मी मध्ये नाक खुपसणार नाही.”

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिला इतका आनंद झाला, की तिने फादरांच्या बाहीवरचा दोरा न विचारता काढून टाकला.

चर्चमध्ये शिडी लावून, दोन्ही बाजूंनी दिवे ठेवून त्यांनी चित्राचे तुकड्यातुकड्याने फोटो काढले आणि पडद्यावर जोडले. मग धाकटी काळोखात शिरली. काळ्या रंगात धूळ अशी चमकते, की विचारू नका. ती वीत वीत पुढे सरकत होती. डाव्या कोपऱ्यात, मेंढपाळाच्या पायामागे, शेजारीशेजारी दोन पिवळट ठिपके होते. तिथे ती थांबली. पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. ठिपक्यांच्या कडेला बारीकशी सावली पडली होती. म्हणजे ते रंगात नव्हते, रंगावर होते. तिने ते पुसले आणि पुढे गेली.

प्रत छापली, ताणली. धाकटीने कडेवर ‘अस्सलबरहुकूम’ लिहिलं आणि सही केली. सही झोकात आली.

मूळ चित्र पेटीत बसून गेलं आणि प्रत भिंतीवर चढली. रविवारी प्रार्थना सुरू झाली, आणि पुढच्या बाकावरून एक चिमुरडी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काळू कुठे गेला?”

सोमवारी सकाळी फादर दारात हजर.

“कोण काळू?” थोरलीने विचारलं.

“कुत्रा! कोपऱ्यात, अंधारात बसलेला. त्याचे नुसते डोळे दिसतात.” फादरांनी दोन बोटांनी डोळे दाखवले. “आमचं प्रवचन लांबलं की मुलं काळूकडे बघत बसतात. त्यांचे आईबाप पण तेच करायचे. खरं सांगू? लहानपणी मीही तेच केलंय. काल पुढच्या बाकावरच्या पोरीने त्याला शोधलं आणि मुलांनी रडून गोंधळ घातला हो!”

थोरलीने मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

“जाऊबाई, ते रंगावर होते,” ती म्हणाली. “मी नीट बघितलंय. ती घाण होती.”

“अगं, तीन पिढ्यांनी पाहिलेला कुत्रा खोटा आणि तुझा माऊस तेवढा खरा?”

ताडून तरी कशाशी बघणार? मूळ चित्र पेटीत, पेटी दुसऱ्या गावाला. थोरलीने न पुसलेला फोटो काढून ठिपके जागच्या जागी बसवले, नवी प्रत छापली आणि कडेवर शब्दही स्वतः लिहिला, सहीही स्वतः केली. पहिली प्रत चौकटीवरून उतरून, गुंडाळून नळीत गेली आणि नळी कपाटामागे. काळू घरी परतला म्हणून मुलं खूश, फादर खूश.

धाकटी मात्र मनातून खचली. सही गेली याचं दुःख होतंच, पण आपली नजर फसली, हे तिला जास्त लागलं होतं. ज्या डोळ्यांवर ती पोट भरत होती, त्यांच्यावरच तिचा भरवसा उरला नाही. साध्या कामातही ती प्रत्येक ठिपका थोरलीला विचारू लागली. “हा पुसू?” “आणि हा?” घरात तर तिने फडक्याला हात लावायचं सोडलं. टीव्हीवर धूळ साचली, तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींनाही कळलं की प्रकरण गंभीर आहे.

थोरलीलाही ते बघवत नव्हतं. पण चूक ती चूक, असं तिचं म्हणणं, आणि ती तिथून इंचभर हलायला तयार नव्हती.

बऱ्याच महिन्यांनी फादर पुन्हा आले. या वेळी गाडीतून त्यांनी ती काळूवाली प्रत आणली होती. ती टेबलावर पालथी ठेवून ते एकदम गप्प उभे राहिले. फादरांचे हात गप्प, म्हणजे काहीतरी घडलं होतं.

“मूळ चित्र परत आलं,” ते म्हणाले. “सुंदर झालंय. पण काळू नाही.”

“नाही म्हणजे?” थोरली म्हणाली.

“दुरुस्ती करणाऱ्या बाई म्हणाल्या, ते मेणाचे थेंब होते. कधीकाळी कुणाची तरी मेणबत्ती कलंडली असणार. वर धूळ बसून पिवळे पडले. कापसाचा बोळा फिरवला आणि दोन्ही डोळे निघाले. खाली नुसता काळा रंग. कुत्रा तिथे कधी नव्हताच.”

थोरली उठली, कपाटामागची नळी काढली, पहिली प्रत टेबलावर उलगडली आणि धाकटीची सही वर येईल अशी कड वळवली.

“तुझी सही खरी,” ती म्हणाली. “खोटी माझी. मी तुझं ऐकायला हवं होतं.”

थोरलीच्या तोंडून असलं वाक्य या घरात कुणी ऐकलं नव्हतं. धाकटीला हसू आणि रडू बरोबरच आलं. इतक्या महिन्यांचं मळभ एका क्षणात हटलं. आपले डोळे शाबूत आहेत! तिने त्याच डोळ्यांना पदर लावला.

“ते छानच झालं,” फादर चाचरत म्हणाले, “पण माझं काम वेगळं आहे. मूळ चित्र वेदीमागे लागलंय. ही प्रत मुलांच्या वर्गात लावायची म्हणतो. काळू दिसेनासा झाल्यापासून मुलं तोंड पाडून बसलीत. हिला मागे लांब दोरी बांधून द्याल? मुलांच्या उंचीला येईल अशी?”

“ही प्रत इथून बाहेर जाणार नाही,” थोरली म्हणाली. “अस्सलबरहुकूम लिहिलंय मी यावर. जे मुळात नाही ते हिच्यात आहे. मामंजींचा शब्द आहे तो. माझ्या सहीने खोटा माल मी भिंतीवर चढू देणार नाही.” आणि आपली सही खोडायला तिने पेन उघडलंसुद्धा.

फादरांनी आशेने धाकटीकडे पाहिलं. तिला काय, ती आज जिंकली होती. खरी प्रत तिची होती, आणि हा खोटा काळू तिच्याच तर मुळावर आला होता. त्याचं ती काही देणं लागत नव्हती. पण पुढच्या बाकावरून ‘काळू कुठे गेला?’ असं विचारणारी ती पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. जगात त्या कुत्र्याला आता एवढी एकच जागा उरली होती.

“जाऊबाई, पेन द्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“द्या तर.”

थोरलीने पेन दिलं. धाकटीने सहीला हात लावला नाही. तिने ‘अस्सलबरहुकूम’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि त्याच्या वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘कुत्र्यासह’.

थोरलीने चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिचे खांदे हलायला लागले, आणि ती इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली.

“मग माझी सही खोडायला नको,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता ती खरी झाली. तुझी कर शेजारी.”