चौघांत एक पाहुणी

"यंत्र कधीच खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस," असं जाहीर करून वाझाने डॅशबोर्डवर मूठ आपटली. इंजिनाचा पिवळा दिवा विझला. दाद घ्यायला त्याने मान वर केली, तेवढ्यात दिवा पुन्हा लागला.

"मग हे आत्ता कोण बोललं?" बोंदोने विचारलं.

वाझाची सगळी नोकरी तिबिलिसीच्या भुयारी रेल्वेत, विजेच्या खात्यात गेली होती. त्यामुळे जमिनीवरच्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याची मतं ठाम होती. त्याने आपलं तपासणीचं यंत्र पुन्हा गाडीला जोडलं आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं ओठ हलवत वाचलं.

"तेच म्हणतंय. कन्व्हर्टर धूर साफ करत नाही."

"शक्य नाही," जेमाल म्हणाला.

गाडी जेमालची होती आणि ती टॅक्सी होती. सोमवारी तिची तपासणी. पास झाल्याचा कागद संध्याकाळपर्यंत पोचला नाही, तर टॅक्सी कंपनी त्याचं नाव ॲपवरून काढणार होती. दुसरं काम या वयात कोण देणार, हा प्रश्न तो स्वतःलासुद्धा विचारत नव्हता. आणि कन्व्हर्टर नापास होणं शक्य नव्हतं, कारण ती पाहुणी होती.

ग्लदानी वस्तीतल्या त्या अंगणात चौघांकडे एकाच मॉडेलच्या जुन्या जपानी गाड्या होत्या. धुरातलं विष जाळणारा जो डबा, म्हणजे कन्व्हर्टर, गाडीच्या पोटाखाली असतो, त्यातल्या जाळीत मौल्यवान धातू असतात. म्हणून चौघांचेही डबे कधीच गेले होते. दोघांचे चोरांनी नेले, दोघांनी स्वतःच विकले. पुढे सरकारने तपासणी सक्तीची केली, तेव्हा चौघांनी मिळून एक अस्सल डबा घेतला. ज्याची तपासणी असेल त्याच्या गाडीला तो लागायचा, काम झालं की उतरायचा, आणि लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून उशांगीच्या तळघरात विश्रांती घ्यायचा. बायकांपेक्षा जास्त मान मिळायचा म्हणून बायकांनीच त्याचं नाव पाहुणी ठेवलं होतं. उशांगी हिवाळ्यात गेला. पाहुणी राहिली.

"सेन्सर मेला असेल," वाझा म्हणाला. "पाहुणीवर आळ घेणारा पाहुणीच्या मागचा सेन्सर."

बोंदोच्या गाडीचा सेन्सर काढून लावला. दिवा लागला. आता मात्र तिघांनाही चेव आला. जेमालने शर्ट काढून झाडाला अडकवला. अंगणात नार्दी खेळणारे म्हातारे सोंगट्या तशाच टाकून भोवती जमले आणि प्रत्येकाने वेगळा रोग सांगितला.

"पाइपला भोक आहे," जेमाल एकदम म्हणाला. "बाहेरची हवा आत शिरतेय आणि सेन्सर फसतोय. बोंदो, सिगरेट पेटव."

"डॉक्टरने बंद केलीय."

"हे विज्ञान आहे, लेका."

बोंदोने विज्ञानासाठी लागोपाठ दोन पेटवल्या. गाडी सिमेंटच्या चढणीवर चढवली, धुराड्यात रबरी नळी खुपसून भोवती चिंध्या कोंबल्या, आणि बोंदो गाल फुगवून नळीत धूर सोडू लागला.

"काही अडतच नाही," तो धापा टाकत म्हणाला. "फुप्फुसं बघा माझी. सरळ जातंय."

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उशांगीची बायको लामारा ओरडली, "बोंदो, शर्टाचं दुसरं बटण तुटलंय तुझं. आणि नळी मागे लाव की, तोंडात काय चघळतोयस?"

"वहिनी, तिथून बटण दिसतं?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुझं सगळंच दिसतं, मेल्या. काही काही न दिसलेलं बरं होतं."

अंगण हसलं. इतक्यात जेमाल गाडीखालून ओरडला, "सापडलं."

पुढच्या जोडातून निळसर धुराची बारीक रेघ वर येत होती. वाझाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती त्यानेच काढली होती. टिनच्या डब्याचा पत्रा कापून गॅस्केट बनवलं, बोल्ट आवळले, वाझाने यंत्रावरून दोषाची नोंद पुसली. जेमालने गाडी इमारतीभोवती फिरवली आणि काच खाली करून हात बाहेर काढला. दिवा नव्हता.

कोणीतरी घरची वाइन आणली, कोणाच्या तरी घरून चीज भरलेली गरम खाचापुरी आली. पहिला पेला पाहुणीच्या नावाने झाला. दुसरा रीतीप्रमाणे गेलेल्यांचा; वाझा उभा राहिला आणि आवाज घोगरा करून म्हणाला, "उशांगी. विमानाच्या कारखान्यात असं वेल्डिंग दुसऱ्या कोणाचं नव्हतं. सांधा शोधायला भिंग लागायचं." पावाचे तुकडे वाइनमध्ये बुडवले गेले.

जेमालने आणखी एक फेरी मारली, नुसत्या आनंदाची. परत आला तेव्हा काच वर होती आणि दिवा पुन्हा लागलेला.

जेमालने गाडी पुन्हा चढवली, पाहुणीला खोलून बाहेर काढलं आणि हातात तोललं. मग एका टोकाला डोळा लावला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी होती. दिसला बोंदो, दुसऱ्या टोकाला वाकलेला, दाढीच्या खुंटांसकट स्पष्ट.

"काय दिसतं?" बोंदोने विचारलं.

जेमालने डब्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. तिथे केसाइतका बारीक सांधा होता. वाझाने वाकून पाहिलं, खिशातून चष्मा काढला, पुन्हा पाहिलं आणि चष्मा हळूच खिशात ठेवला.

"पण पैसे तर पोराने पाठवले होते ना," बोंदो हळू आवाजात म्हणाला, "इटलीहून? वहिनीच्या ऑपरेशनचे? उशांगीच म्हणाला होता."

"तोंड बंद कर," वाझा म्हणाला.

तिघांपैकी कोणीही वर पाहिलं नाही.

"मार्चमध्ये माझी गाडी याच्यावरच पास झाली," वाझा म्हणाला.

"तेव्हा तुझा दिवा लागला नाही?" बोंदोने विचारलं.

"माझ्या दिव्याची वायर मी केव्हाच कापलीय."

जेमालने वाझाकडे पाहिलं. मग डबा छातीशी धरून तो गाडीखाली शिरला.

"अरे, मिळाला का दोष?" गॅलरीतून लामाराने विचारलं. "त्या पाहुणीला काही झालं नाही ना? उशांगीचा जीव होता तिच्यात."

आत पान्याचा आवाज थांबला.

"तिला काय होणार, वहिनी," जेमाल म्हणाला. "गॅस्केट होतं. बदललं."

वाझाने घोंगडी झटकली, नीट चौघडी केली आणि मागच्या सीटवर ठेवली.

सोमवारी तपासणी केंद्रात जेमालची पाळी लवकर आली. पिवळा दिवा लख्ख लागलेला होता; त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. धूर मोजणारी नळी पाइपात गेली आणि तक्रार न करता बाहेर आली. तरी गाडी नापास झाली. मागच्या नंबरपाटीचा बल्ब गेला होता.