जासईचं गेट

क्षिप्राने फोन कानाला न लावता टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. केयूरसरांनाही ऐकू दे एकदा.

“मॅडम, मी कशालाच हात नाय लावला. वायर जशीच्या तशी हाय. गेट सकालपासून बंद, डायवर लोक माझ्या अंगावर येतायत.”

जासईच्या कंटेनर यार्डातला शिवा. तिथला राउटर सांभाळायला कंपनीने त्याला कंत्राटावर ठेवलेला. महाप्याच्या या ऑफिसातून जासईला जाणारी लाइन बंद पडली होती, आणि गेटवरच्या कॉम्प्युटरला गाड्यांचे पास मिळत नव्हते.

केयूरसर चहा ढवळत म्हणाले, “पिंग जातोय ना? मग आपली लाइन ठीक आहे. यानेच काहीतरी हलवलंय. मेलमध्ये तसं लिही, कंत्राटदार दुसरा माणूस देईल.”

दुसरा माणूस देईल. जणू बल्बच बदलायचाय. क्षिप्राची कानशिलं तापली. बिघाड झाला की आधी अडकवायला गरिबाची मान शोधायची, ही सरांची जुनी खोड. आणि म्हणे पिंग जातोय. पिंग म्हणजे नुसती हाक मारून ओ येते का बघणं. यार्डाचा डेटा लेबल लावून जातो. मधला राउटर पत्ता वाचत बसत नाही, लेबल बघतो, आपलं लेबल लावतो आणि पुढे ढकलतो. एकाने जरी ते लावलं नाही तरी हाक पोचते, माल मात्र वाटेत पडतो. पहिल्या आठवड्यात हे तिला शिकवलं कोणी, तर याच सरांनी.

तिने मेल लिहिला नाही. एकेक राउटर तपासत गेली. महाप्याला लेबल होतं. वाटेतल्या तळवलीच्या राउटरवर आत येताना होतं. तळवलीहून जासईकडे निघताना काहीच नव्हतं.

तळवलीचा राउटर काल रात्री सरांनी स्वतः बदलला होता. जुन्यातलं सगळं नव्यावर जसंच्या तसं चिकटवलं, पण नव्यात जासईची वायर वेगळ्या पोर्टात लागली. त्या पोर्टवर लेबलं चालू करायची एक ओळ राहून गेली.

“सर, हे बघा.”

सरांनी बघितलं. चमचा कपातच राहिला.

“अच्छा. टाक ती ओळ, चालू करून टाक. मेल मात्र मी सांगितला तसाच जाऊ दे. उगाच वर कशाला टेन्शन?”

बदल करणाऱ्याचं नाव सिस्टिममध्ये राहतं, आणि कारण लिहिल्याशिवाय तो लागू होत नाही. हा नियमही सरांनीच आणलेला.

क्षिप्राची बोटं कीबोर्डवर पोचली होती. ती तिने काढून घेतली. स्वतःचं लॉगिन बंद केलं आणि कीबोर्ड सरांपुढे सरकवला.

“तुम्ही टाका, सर. तुमच्या नावाने.”

“क्षिप्रा, तिकडे गाड्या खोळंबल्यात.”

“मघाशी नव्हत्या खोळंबल्या?”

सरांची नजर टेबलावरच्या फोनवर गेली. तो अजून चालूच होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आपलं नाव टाकलं, ती ओळ टाकली. कारणाच्या रकान्यापाशी त्यांची बोटं थांबली.

फोनमधून एक लांबलचक हॉर्न ऐकू आला, मग शिवाचा आवाज.

“मॅडम, मी थांबू का घरी जाऊ?”

“थांबा, शिवादादा,” क्षिप्रा म्हणाली. “सर लिहितायत.”