बिल्ला प्रवाहात गेला

साहेब निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या बायकोने हात टेकले. बत्तीस वर्षं ओढ्यानाल्यांवर मासेमारीचे नियम लावत हिंडलेला माणूस घरात बसला तर दुसरं काय करणार? त्यांनी स्वयंपाकघराला नियम लावले. बरण्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दुधाचं भांडं कुठल्या फळीवर राहील याची लेखी सूचना भिंतीवर लावली, खाली सही ठोकून. बायकोने ती सूचना काढून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, की बाहेर पडा, मासे धरा, पत्ते कुटा, काय वाटेल ते करा, पण जेवणाच्या वेळेपर्यंत मला तोंड दाखवू नका.

आता बाहेर पडा म्हटलं तरी बाहेर माणसाला कोणीतरी लागतं. साहेबांना कोणी नव्हतं. गावातला गळ टाकणारा एकही माणूस असा नव्हता ज्याला त्यांनी कधी ना कधी कशात ना कशात पकडलं नव्हतं. ते तळ्याच्या बांधावर गेले की गप्पा थांबायच्या. एका म्हाताऱ्याने तर सवयीने खिशातून परवाना काढून पुढे धरला. साहेब म्हणाले, अहो, राहू द्या, मी निवृत्त झालो. म्हातारा म्हणाला, बरं, आणि परवाना तसाच धरून उभा राहिला. साहेबांना त्या दिवशी फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवण अर्धंच गेलं.

त्यात दुसरी पंचाईत. तळ्यातला मोठा मासा मेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. त्याला गळाला जिवंत, वळवळती मासोळी लागते, बोटाएवढी. ती दुकानात मिळत नाही. ज्याने त्याने आपली आपण ओढ्यातून धरायची. तिचे नियम साहेबांना झोपेत विचारले असते तरी सांगता आले असते, कारण ती चौदा कलमांची पुस्तिका त्यांनी स्वतःच लिहिली होती. माणशी सापळा एक. सापळ्याच्या तोंडाची रुंदी इंचभर. बादलीत मासोळ्या तीस, एकतिसावी नाही. पट्टेरी दिसली की सोडून द्यायची. एका ओढ्याची मासोळी दुसऱ्या ओढ्यात सोडायची नाही. सापळ्यावर मालकाच्या परवान्याचा आकडा कोरलेला पितळी बिल्ला हवाच हवा. एवढं सगळं पाठ, पण मासोळी धरायची कशी, हे काही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी जन्मभर सापळे पाहिले ते पाण्याबाहेर काढल्यावर.

धरायची कशी ते न्हाव्याला माहीत होतं. त्याच्यासारखं जिवंत आमिष गावात कोणाला मिळत नसे, आणि त्याच्याएवढं कोणी साहेबांच्या तावडीतही सापडलेलं नव्हतं. नऊ वेळा. एकदा बादलीत चौतीस निघाल्या म्हणून, एकदा सापळ्याचं तोंड दोन सूत जास्त होतं म्हणून, असं करत करत नऊ. नवव्या वेळी सापळ्यावर बिल्लाच नव्हता. साहेबांनी जागेवर पंचनामा केला आणि सापळा उचलून नेला. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून साहेब केस कापायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जात. ज्याचा सापळा जप्त केला त्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल?

पण गरज पडली आणि दिली. एका दुपारी साहेब न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. न्हाव्याने कापड बांधलं, साबण लावला, वस्तरा मानेला टेकवला. साहेबांनी आरशात बघत विचारलं, "तुम्ही मला मासोळी धरायला शिकवाल का?"

नोकरीत होते तेव्हा ते न्हाव्याला काय रे, कुठे रे, असंच हाक मारत. ते 'तुम्ही' ऐकून वस्तरा थांबला. थांबला तो चांगला पाव मिनिट, आणि तेवढ्या वेळात साहेबांना नऊच्या नऊ पंचनामे तारीखवार आठवले. मग न्हाव्याने मान साफ केली, कापड झटकलं आणि म्हणाला, "सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी सहाला पुलाखाली या. एक दिवस बघू. जमलं तर जमलं."

त्या 'जमलं तर' वर साहेब तीन दिवस जगले. नवा परवाना काढला, बिल्ला घासून चकचकीत केला. सापळा तर होताच. ऑफिसने निरोपसमारंभात निळ्या कागदात गुंडाळून दिलेला, तारेच्या जाळीचा, देखणा. त्याची लाकडी मूठ हातात अशी बसे की साहेब बायकोला दोनदा म्हणाले, बघ, ऑफिसने कशी पारखून वस्तू आणली. बायकोने दोन्ही वेळा बघितली. निदान सोमवारी तरी घर मोकळं राहणार या आनंदात ती काहीही बघायला तयार होती.

सोमवारी पुलाखाली न्हावी आधीच येऊन बसला होता. त्याने साहेबांचा सापळा हातात घेतला, उलटासुलटा केला, मुठीवरून अंगठा फिरवला. जरा जास्तच वेळ फिरवला.

"कोणी दिला?"

"ऑफिसने. निरोपाची भेट."

"हं," न्हावी म्हणाला. "चांगला आहे." आणि सापळ्यात टाकायला पावाचा चुरा काढायला लागला.

साहेबांनी सापळा पाण्यात ठेवला आणि ऐटीत काठावर बसले. अर्ध्या तासाने वर काढला तर आत एक पान आणि एक गोगलगाय. न्हाव्याने सांगितलं, की मासोळी प्रवाहाच्या उलट पोहत येते, सापळ्याचं तोंड खालच्या अंगाला हवं. तुम्ही दार लावून पाहुण्यांची वाट बघत बसलात. साहेब ओशाळले. त्यांच्या चौदा कलमांत सापळ्याचं तोंड मोजलेलं होतं, ते कुठल्या दिशेला ठेवायचं हे कुठेच नव्हतं. मग न्हाव्याने तोंड फिरवलं, जाळीला दोन दगडांचा टेका दिला, वरच्या अंगाला पायाने गाळ थोडा ढवळला, आणि वीस मिनिटांत सापळा चमचमायला लागला.

साहेबांच्या पोटात आनंद मावेना. आणि लगेच त्यांनी तो स्वतःच घालवला, कारण ते मोजायला बसले. वळवळत्या मासोळ्या मोजून बघा एकदा. पहिल्यांदा बत्तीस भरल्या. दोन सोडल्या, पुन्हा मोजल्या, तर अठ्ठावीस. दोन घातल्या तर एकतीस. त्यात एक पट्टेरी आहे की तिच्यावर सावली पडलीय यावर पाच मिनिटं गेली. न्हाव्याने बादलीवर ओलं फडकं टाकलं, कारण मासोळ्या उन्हाने नाही तर मोजणीने मरायला आल्या होत्या. तो म्हणाला, की साहेब, मी पंचवीसच ठेवतो, मोजायला लागत नाही. तुमच्यामुळेच ही सवय लागली. हे कौतुक होतं की टोमणा, साहेबांना कळलं नाही. पण तो आपल्याशी बोलतोय, एवढ्यानेच त्यांना बरं वाटलं.

सगळ्या सोडून आता नीट पंचवीसच धरू, असं ठरवून त्यांनी सापळा परत टाकला. तो वर काढला तेव्हा आत मासोळ्या होत्या आणि बिल्ला नव्हता. ज्या तारेने बांधला होता तिच्यात काटक्या, शेवाळ, कसली कसली पानं अडकली होती, आणि त्या ओढीने तार पिळवटून तुटली होती.

नेमक्या त्याच वेळी पुलावरून निरीक्षक बाई उतरल्या. बाई साहेबांच्या जागेवर आलेल्या, त्यांच्याच हाताखाली चार वर्षं तयार झालेल्या. साहेबांना बघून त्या मनापासून हसल्या, आणि मग त्यांची नजर सापळ्यावर गेली.

"बिल्ला होता," साहेब म्हणाले. "प्रवाहात गेला."

"प्रवाहात बिल्ले जात नसतात, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "बिल्ले घरी राहतात. तुम्हीच शिकवलंत."

साहेबांचा चेहरा उतरला. हे वाक्य ते पहिल्यांदा कुठे बोलले होते, ते त्यांना आठवलं. याच पुलाखाली, समोर हा न्हावी गुडघाभर पाण्यात उभा होता आणि म्हणत होता, साहेब, शपथेवर सांगतो, बिल्ला होता, प्रवाहात गेला. साहेबांनी न्हाव्याकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता.

बाईंनी आतल्या मासोळ्या पाण्यात सोडल्या आणि नियमाप्रमाणे सापळा उलटा केला. बुडाशी लाल रंगात जप्तीचा आकडा होता, पुसट, पण वाचता येण्याजोगा. बाईंचा रंग उडाला. भेट आणायचं काम ऑफिसच्या शिपायाकडे होतं, आणि त्या गृहस्थाने बाजारात जायचा कंटाळा करून जप्तीच्या कोठीतला सगळ्यांत देखणा सापळा घासूनपुसून निळ्या कागदात गुंडाळला होता. कागदाची घडी घालायला बाईंनीही हात लावला होता. आता जप्तीची वस्तू वापरणाऱ्याला पुन्हा जन्मात परवाना नाही, हे कलम तेरा. साहेबांनी ते लिहिताना 'जन्मात' हा शब्द दोनदा अधोरेखित केला होता. म्हणजे सोमवार संपले. पहिल्याच सोमवारी संपले.

"माझा आहे तो सापळा," न्हावी म्हणाला.

बाईंना काही कळेना. न्हाव्याने सावकाश सांगितलं, की ती मूठ त्याच्या दुकानातल्या जुन्या खुर्चीच्या हाताची आहे, त्याने स्वतः तासून बसवलेली. कलम चौदा असं, की जप्त सापळ्याच्या अर्जावर 'चूक झाली' असं लिहून सही झाली की सापळा मालकाला परत मिळतो, आणि परत मिळालेला सापळा जप्तीचा राहत नाही. मुदत घातलेली नाही. साहेबांकडून घालायची राहिली. नऊ वेळा पकडलेल्या माणसाला पुस्तिका लिहिणाऱ्यापेक्षा जास्त पाठ असते.

"अर्ज असेल ना तुमच्या पिशवीत?" त्याने विचारलं. "द्या. सही करतो."

अर्ज होता. सगळे अर्ज नेहमी जवळ ठेवायचे, हेही साहेबांनीच शिकवलं होतं. न्हाव्याने ओले हात सदऱ्याला पुसले आणि पेन घेतलं.

दोन शब्द लिहिले की सापळा मिळत होता, तरी हा माणूस अकरा वर्षं ऑफिसची पायरी चढला नव्हता. साहेब तेव्हा सगळ्यांना सांगत, बघा कसा हेकट आहे. अकरा वर्षं जे त्याने स्वतःच्या हातच्या सापळ्यासाठी लिहिलं नाही, ते तो आज यांच्या एका सोमवारासाठी लिहायला बसला होता. साहेबांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, अर्ज गुडघ्यावर धरला, आणि आपल्या त्या बत्तीस वर्षं भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या अक्षरात लिहिलं, 'चूक झाली.' खाली सही केली, तारीख घातली.

"साहेब, इथे मालकाची सही लागते," बाई म्हणाल्या.

"सही लागते असं लिहिलंय," न्हावी म्हणाला. "कोणाची, ते लिहिलेलं नाही."

बाईंनी पुस्तिका काढून कलम दोनदा वाचलं. खरंच नव्हतं. त्यांनी अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि सापळा न्हाव्याच्या हातात दिला.

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण साहेबच ते. ते म्हणाले, की तेरा मिटलं तरी सहा राहिलंच, सापळ्यावर बिल्ला नाही, बाई, तुम्ही तो पुन्हा जप्त करायला हवा. न्हाव्याने कपाळावर हात मारला. बाई बिचाऱ्या केविलवाण्या झाल्या. शेवटी न्हावी म्हणाला, की ओढा काही समुद्र नाही, बिल्ला गेला तर त्या खालच्या वळणावर मुळांत गेला असेल, जा आणि शोधा.

साहेब पँट गुडघ्यावर ओढून गेले. मुळांच्या जाळीत कोपरापर्यंत हात घातला. गाळ, बाटलीचं झाकण, कोणाची तरी चप्पल. मग बोटांना चपटं, थंड काहीतरी लागलं. त्यांनी ते वर काढलं, अंगठ्याने पुसलं आणि तिथेच उभे राहिले. पितळ हिरवं पडलं होतं. आकडा त्यांचा नव्हता. तो आकडा त्यांनी नऊ पंचनाम्यांत नऊ वेळा लिहिला होता.

ते परत आले. त्यांनी बिल्ला न्हाव्याच्या तळहातावर ठेवला. न्हाव्याने तो बघितला, बाईंना दाखवला. बाईंनी आकडा वाचून मान हलवली, की सापळा यांचा, बिल्ला यांचा, परवाना चालू, सगळं नियमात आहे. आणि त्या पुलावर चढून गेल्या, जरा घाईनेच, कारण साहेबांचे डोळे भरलेले त्यांना बघायचे नव्हते.

न्हाव्याने बिल्ला सापळ्याला बांधला. या वेळी दुहेरी तारेने. मग सापळा पुन्हा पाण्यात लावला आणि भरल्यावर मासोळ्या बादलीत ओतल्या. साहेबांनी मोजल्या नाहीत.

"माझ्याकडे आता सापळाही नाही आणि बिल्लाही नाही," ते म्हणाले.

"बादली धरणाऱ्याला काही लागत नाही. कलम नऊ." न्हाव्याने बादली उचलून त्यांच्या हातात दिली आणि तो तळ्याकडे चालायला लागला. चार पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाला, "पुढच्या सोमवारी येताना तुमची बादली आणा. ही गळते."