एका घराला एक बोनस

ऑनलाइन कॅसिनोच्या बोनसचे नियम कोणीही वाचत नाही. मी वाचते, कारण मला त्याचा पगार मिळतो. आमच्या बेटावरच्या हमरून गावात, पास्तित्सीच्या म्हणजे चीज भरलेल्या करंज्यांच्या दुकानाच्या वर, आमचं तीन खोल्यांचं तक्रार केंद्र आहे. खेळाडू आणि कंपनी भांडले की कागद आमच्याकडे येतात आणि नियम न्याय्य होता की नाही हे मी ठरवते. त्याआधी तेवीस वर्षं मी एका नोटरीकडे खरेदीखतं लिहिली. त्या सवयीने मला वाटायचं, शब्द नीट वाचला की माणसाला न्याय मिळतो. आता हे वाक्य लिहितानाही लाज वाटते.

बोनस म्हणजे काय, तर कंपनी म्हणते, तुम्ही शंभर युरो भरा, वर आम्ही शंभर घालतो. खाली बारीक अक्षरात असतं की ही रक्कम पस्तीस वेळा खेळून फिरवल्याशिवाय एक सेंटही काढता येणार नाही, एका डावाला पाच युरोच्या वर लावले तर सगळं रद्द, आणि असंच पुढे नऊ पानं. मी तीन प्रश्न विचारते. हे आधी सांगितलं होतं का? साध्या माणसाला कळेल असं सांगितलं होतं का? आणि खेळाडू हरत होता तेव्हा कंपनीला हा नियम आठवला होता, की तो जिंकल्यावरच आठवला? तिसरा प्रश्न माझा स्वतःचा. आमचे साहेब डॉक्टर रेडेंट (आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात), त्यांना तो आगाऊ वाटतो.

साल्विना बुट्टिजीज मार्चमधल्या एका बुधवारी आली. तक्रारी आमच्याकडे संगणकावरून येतात, माणसं येत नाहीत. ही ओर्मी गावाहून बसने आली, धापा टाकत जिना चढली आणि तिने माझ्या टेबलावर एक छापील पत्र आणि एक गोल पाव ठेवला.

"पाव कशाला?" मी विचारलं.

"रिकाम्या हाताने कशी येऊ? लाच नाही हं बाई, दोन युरोचा पाव आहे."

पत्र छोटंसं होतं. तिने जिंकलेले दोन हजार तीनशे युरो रद्द झाले होते. 'नियम आठनुसार एका घराला एकच बोनस. आपल्या घरातील दुसऱ्या व्यक्तीने हा बोनस याआधी घेतलेला आहे.'

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि माझा धाकटा भाऊ, फ्रान्स. लग्न ना त्याचं झालं ना माझं. म्हणजे, असायचा तो. आता मी कुलूप बदललंय."

मग तिने सगळं सांगितलं. फ्रान्स स्वतःची बस चालवायचा. जुन्या बसगाड्या बंद झाल्या तेव्हा मालकांना भरपाई मिळाली, ती त्याने दीड वर्षात जुगाराच्या मशिनमध्ये घातली, आईच्या बांगड्यांसकट. मग आई गेली. तिच्या फोटोवर हात ठेवून त्याने शपथ घेतली आणि नऊ वर्षं मशिनच्या दुकानासमोरून जायचं झालं तरी तो रस्ता ओलांडून जायचा.

"आणि तुम्ही? तुम्ही खेळत होतात ना?"

"मी कुठे जुगार खेळते? मी टोंबोला खेळते. चर्चच्या हॉलमधला बंद झाला, फोनवर सुरू झाला. त्यातच ती मशिनमधली फळं फिरतात, मी काय करू?" तिने मान खाली घातली. "फ्रान्सला माहीत नव्हतं. जिंकल्यावर सांगणार होते. तेवढ्यात हे पत्र."

"पैशांचं म्हणाल तर—"

"जळोत ते पैसे. मला एवढंच सांगा, तो फ्रान्स होता का? तो म्हणतो, साल्वी, मी नाही. पण पत्रात लिहिलंय. एवढी मोठी कंपनी, तिला माझ्या भावाशी काय वैर?" तिने पत्रावर बोट ठेवलं. "मी त्याला म्हटलं, तू आईच्या फोटोवर हात ठेवून खोटं बोललास. त्याने पिंजरे उचलले आणि गॅरेजमध्ये राहायला गेला. चिमण्या पाळतो तो. तुम्ही नाही म्हणालात ना, तर आज जाऊन घेऊन येते त्याला."

मी म्हटलं, कागद मागवते.

कागद पुढच्या आठवड्यात आले. चौदाव्या पानावर दुसऱ्या खातेदाराचं नाव होतं: जॉर्जिना झेराफा, वय एकोणतीस. पत्ता: आवे मारिया, सान बास्त्यान रस्ता, ओर्मी. साल्विनाचा पत्ता: आवे मारिया, सान बास्त्यान रस्ता, ओर्मी. साल्विनाच्या घरात कोणी जॉर्जिना नव्हती.

शनिवारी मी पाव आणायच्या निमित्ताने ओर्मीला गेले. सान बास्त्यान रस्त्यावर, बेकरीपासून दुसरं घर, दाराशेजारी निळ्या फरशीवर नाव: आवे मारिया. तिथून चालत गेलं की बऱ्याच अंतरावर साल्विनाचं घर, तशीच फरशी, तेच नाव. मधे आणखी एक आवे मारिया होतं, त्याच्या खिडकीत मांजर बसलं होतं. नगरपालिकेने घरांना नंबर दिलेत, पण आमच्यापैकी कोण नंबर लिहितं? फॉर्मवर 'घराचं नाव किंवा नंबर' असं आलं की आम्ही नावच लिहितो. मी स्वतः 'सान्ता रीता'मध्ये राहते आणि पलीकडच्या 'सान्ता रीता'ची विजेची बिलं महिन्याआड माझ्या दारात येऊन पडतात.

मला आधी हसू आलं. मग आठवलं.

दोन वर्षांपूर्वी याच कंपनीच्या याच नियमावर मी निकाल दिला होता, क्रमांक २१२. एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तीन परदेशी पोरांनी तीन बोनस उपटले होते. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: 'घर म्हणजे खेळाडूने स्वतः नोंदवलेला पत्ता. ही व्याख्या स्पष्ट आहे, सोपी आहे आणि न्याय्य आहे.' ही व्याख्या कंपनीच्या एखाद्या स्वीडिश वकिलाने केली असती तर ठीक होतं, त्याला आमच्या गल्ल्या काय माहीत. मी 'सान्ता रीता'मध्ये बसून लिहिली होती. कंपनीने पाठवलेल्या कागदांत माझंच वाक्य ठळक अक्षरात होतं.

सोमवारी मी डॉक्टर रेडेंटच्या खोलीत गेले आणि म्हटलं, साल्विनाला आताच सांगून टाकते.

"नाव सांगितलंस तर परवाना गेला आपला," ते म्हणाले. "दुसऱ्या खेळाडूची माहिती आहे ती."

"नाव नको. 'तुमचा भाऊ नव्हता,' एवढंच तिला सांगते."

"म्हणजे निकालच सांगितलास की. कंपनीला उत्तर द्यायला मुदत आहे, ती होऊ दे. मग निकालात लिही काय लिहायचं ते. मार्टीझ, तू न्याय करतेस, शेजारीणबाई नाहीस."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. मुदत दहा दिवसांची होती, कंपनीने आणखी दहा मागितले, मी दिले. कोणी म्हणायला नको की एका बाजूचं ऐकून घेतलं नाही. साल्विनाने मधे दोनदा फोन केला.

"काही कळलं का हो?"

"कागद चालू आहेत."

"तो जेवायलाही येत नाही. मी डबा दारात ठेवते, तो तसाच असतो. तुम्ही नुसतं हो की नाही सांगा. मी कोणाला बोलणार नाही, आईची शपथ."

"निकालात येईल, साल्विनाबाई."

तीन शब्दांचं काम होतं. 'फ्रान्स नव्हता हो.' मी फोन ठेवला आणि निकालाचा मसुदा आणखी घोटत बसले.

निकाल चांगला झाला. एकाच नावाची अनेक घरं असलेल्या देशात नुसत्या नावाला घर मानणं अन्याय्य आहे, असं मी लिहिलं, २१२ मध्ये माझी चूक झाली हेही लिहिलं, आणि साल्विनाचं घर ते सत्तेचाळीस नंबरचं, असं पक्कं केलं. कंपनीने कुरकुर न करता पैसे दिले. पुढच्या शनिवारी मी निकाल घेऊन स्वतः ओर्मीला गेले. गावच्या सणाची तयारी चालली होती, सकाळपासून फटाक्यांचे बार उडत होते. साल्विनाने दारातच कागद घेतला. 'तक्रारदाराच्या घरातील अन्य कोणत्याही व्यक्तीने बोनस घेतलेला नव्हता.' हे वाक्य तिने बोट फिरवत तीनदा वाचलं.

"नव्हता," ती म्हणाली. "बिचारा खरं बोलत होता." मग तिने एप्रनलाच डोळे पुसले. "चला माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर दार उघडायचा नाही. तुम्ही सरकारी आहात."

"मी सरकारी नाही."

"शिक्का आहे ना कागदावर? मग झालं."

गॅरेज पुढच्या वळणावर होतं. तिने दारावर थाप मारली आणि फ्रान्सने लगेच उघडलं, जणू तो कोणाची तरी वाटच पाहत होता. दाढी वाढलेली, मागे एक खाट, भिंतीवर पिंजरे. पिंजऱ्यांतलं पाणी हिरवं झालं होतं. त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर फळं फिरत होती.

साल्विना कागद पुढे धरून बोलायला लागली. "फ्रान्स, तू नव्हतास. बघ, लिहून दिलंय. माझं चुकलं रे. घरी चल."

त्याने कागदाकडे पाहिलं नाही. "मी नव्हतो हे मला माहीत होतं, साल्वी. मला कागद कशाला?"

"मग हे काय आहे?"

"हे तूच सांगितलंस ना मी करतो म्हणून." तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो शांत होता. "नऊ वर्षं रस्ता ओलांडून जायचो. म्हटलं, नाही तरी नाव झालंच आहे. आणि तू ज्यात जिंकलीस तेच बघू, बोनस चांगला देतात." मग तो माझ्याकडे वळला. "त्या नियम वाचणाऱ्या बाई तुम्हीच का? मग बरं झालं. पस्तीस वेळा फिरवायचंय. एकोणतीस झालं, सहा राहिलेत. वर आकडा बघा, चार हजार एकशे. हे झालं की काढणार, साल्वीच्या हातात ठेवणार आणि फोन विहिरीत टाकणार. यात कुठे गोम नाही ना?"

मी फोन हातात घेतला. तीच कंपनी. खातं कधी उघडलं ते मी आधी पाहिलं, ती सवय जात नाही. ते उघडलं त्या दिवशी मला ती निळी फरशी पाहून नऊ दिवस झाले होते. पत्ता त्याच्या ओळखपत्रावरचा होता: ४७, आवे मारिया, सान बास्त्यान रस्ता.

साल्विनाने विचारलं, "मिळतील ना त्याला?"

मला काय दिसत होतं ते सांगते. तो हरला असता तर कंपनीने एक शब्द न विचारता पैसे ठेवून घेतले असते. जिंकून काढायला गेला की ते घर तपासणार आणि त्यांना माझाच निकाल सापडणार, शिक्क्यासकट. सत्तेचाळीस नंबरच्या घरात बोनस घेतला आहे आणि तो साल्विना बुट्टिजीजने घेतला आहे, हे मीच पक्कं केलं होतं. मग फ्रान्सला पत्र येईल: आपल्या घरातील दुसऱ्या व्यक्तीने हा बोनस याआधी घेतलेला आहे. या वेळी ते खरं असेल.

"मिळणार नाहीत," मी म्हटलं, आणि नियम आठ त्यांना समजावून सांगितला. साल्विना खाटेच्या कडेवर बसली. "पण आताच थांबा. तुम्ही भरलेले पैसे तरी परत मिळतील. माझ्याकडे अर्ज करा."

"किती दिवस लागतील?" फ्रान्सने विचारलं.

उत्तर साल्विनाने दिलं. "सहा आठवडे," ती म्हणाली.

फ्रान्सने माझ्या हातातून फोन घेतला, हळूच, हिसकावून नाही. "काढताच येणार नसतील," तो म्हणाला, "तर थांबायचं कशासाठी?" आणि त्याने अंगठ्याने बटण दाबलं.

साल्विना कागदाची घडी घालत होती. आम्ही दोघी तिथेच थांबून फळं फिरताना पाहत होतो.